वसाहतींच्या स्वातंत्र्यघोषणांची वैधता : अमेरिका, ऱ्होडेशिया आणि गिनी-बिसाऊ यांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :
आधुनिक जगाच्या इतिहासाचे अध्यापन करताना वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या तारखा आपण निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून सांगतो. प्रत्यक्षात अशा प्रत्येक तारखेमागे एक कायदेशीर भूमिका असते. वसाहतीने स्वातंत्र्य जाहीर केले तो दिवस ग्राह्य धरावयाचा, की राज्यकर्त्या देशाने ते मान्य केले तो? पहिला धरला तर स्वातंत्र्य हा जनतेचा हक्क ठरतो. दुसरा धरला तर ते राज्यकर्त्याने दिलेले दान ठरते. प्रस्तुत निबंधात १७७६, १९६५ आणि १९७३ या वर्षांतील तीन घोषणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. घोषणेच्या वैधतेची कसोटी केवळ राज्यकर्त्याच्या कायद्यात शोधून चालत नाही. ती त्याबाहेर शोधावी लागते आणि १९६० नंतर ती मूलतः बदलली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अमेरिका : एका घटनेच्या दोन तारखा
वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे ब्रिटिश संसदेने १७६६ च्या कायद्याने ठणकावून सांगितले होते. ऑगस्ट १७७५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ४ जुलै १७७६ ची घोषणा ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने राजद्रोहच होती. वसाहतवाल्यांचा युक्तिवाद मात्र वेगळा होता. घोषणेतील आरोपांचा रोख राजावर आहे. संसदेचा तीत नावानेही उल्लेख नाही. आपला संबंध संसदेशी नसून केवळ राजपदाशी आहे, आणि राजाने संरक्षण द्यावे व प्रजेने निष्ठा ठेवावी असा तो परस्पर कर्तव्याचा संबंध आहे, अशी त्यांची धारणा होती. डिसेंबर १७७५ च्या कायद्याने वसाहतींचा व्यापार बंद करून त्यांची जहाजे शत्रूची जहाजे म्हणून जप्तीस पात्र ठरविण्यात आली. म्हणजे संरक्षण राजसत्तेनेच काढून घेतले होते. निष्ठेचे बंधन त्यामुळेच संपुष्टात आले, असा हा दावा होता.

हा युक्तिवाद कितीही सुसंगत असला तरी निर्णय रणांगणावर झाला. साराटोगाच्या विजयानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी करार केले आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले. तरीही तारखेचा वाद मिटला नाही. मॅकिल्वेन विरुद्ध कॉक्स या १८०८ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सी राज्य १७७६ पासूनच सार्वभौम असल्याचे मानले. तर इंग्लंडच्या न्यायालयाने १८२४ मध्ये डो विरुद्ध अॅक्लम या खटल्यात १७८३ चा तह निर्णायक धरला. नागरिकत्व आणि वारसाहक्क यांचे प्रश्न या तारखेवर अवलंबून होते. त्या काळात राज्यांच्या परस्पर व्यवहारात कसोटी एकच होती : नवी सत्ता प्रत्यक्षात राज्य करते काय?

ऱ्होडेशिया : सत्ता आहे, वैधता नाही
११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या सरकारने दक्षिण ऱ्होडेशियाचे स्वातंत्र्य एकतर्फी जाहीर केले. मसुद्याची धाटणी १७७६ च्या घोषणेची होती. मात्र घोषणा करणारे सरकार लोकसंख्येत सुमारे पाच टक्के असलेल्या गोऱ्यांचे होते. न्यायालय, पोलीस, सैन्य व प्रशासन त्याच्या ताब्यात होते. परिणामकारक सत्तेची जुनी कसोटी त्याने बऱ्याच अंशी पूर्ण केली होती.

या सरकारच्या स्थानबद्धतेच्या आदेशाला आव्हान देणाऱ्या मॅडझिम्बामुटो खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २३ जुलै १९६८ रोजी हे सरकार बळकावलेल्या सत्तेचे असून त्याचे आदेश अवैध असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऱ्होडेशियाच्या न्यायालयाने तो निर्णय अव्हेरून सरकार पूर्णतः वैध ठरविले. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयाचा आधार ब्रिटिश संसदेचे सार्वभौमत्व हा होता, आणि त्याच आधारावर १७७६ ची घोषणाही अवैधच ठरते. राज्यकर्त्याच्या कायद्याने या दोन घोषणांत भेद करता येत नाही.

तो भेद आंतरराष्ट्रीय समुदायाने केला. सुरक्षा परिषदेने दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९६५ रोजी, या वंशवादी अल्पसंख्य राजवटीस मान्यता न देण्याचे आवाहन सर्व देशांना केले. एकाही देशाने, अगदी दक्षिण आफ्रिकेनेही, तिला औपचारिक मान्यता दिली नाही. अखेर १८ एप्रिल १९८० रोजी बहुसंख्याकांच्या राजवटीखाली झिंबाब्वे स्वतंत्र झाला.

गिनी-बिसाऊ : सत्ता अपुरी, वैधता मान्य
या बदलाची पार्श्वभूमी १४ डिसेंबर १९६० च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८९ विरुद्ध ० मतांनी, ९ देश तटस्थ असताना, सर्व लोकसमूहांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. आमसभेचे असे ठराव स्वतः बंधनकारक नसतात, हा आक्षेप योग्य आहे. परंतु या ठरावातील स्वयंनिर्णयाचे तत्त्व रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचे द्योतक असल्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ च्या चागोस बेटांविषयीच्या सल्लागारी मतात स्पष्ट केले आहे.

पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले होते. प्रांतांना स्वातंत्र्य मागता येत नाही, असा त्यामागील हेतू होता. तरीही आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने १९६३ पासून सशस्त्र लढा देऊन २४ सप्टेंबर १९७३ रोजी बोए भागात गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्य जाहीर केले. काब्राल यांची त्याच वर्षी जानेवारीत हत्या झाली होती आणि राजधानी बिसाऊ पोर्तुगीज सैन्याच्याच हाती होती. असे असूनही २ नोव्हेंबर १९७३ रोजी आमसभेने ९३ विरुद्ध ७ मतांनी, ३० देश तटस्थ असताना, नव्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचे स्वागत केले आणि तेथील पोर्तुगीज सैन्याचा ताबा बेकायदेशीर ठरविला. कालचा राज्यकर्ता आज अतिक्रमक ठरला. पोर्तुगालने मान्यता दिली ती १० सप्टेंबर १९७४ रोजी.

गोव्याचे उदाहरण
गोव्यात स्वातंत्र्यघोषणेचा नव्हे, तर मुक्तीचा प्रश्न होता. तथापि तारखेचा मुद्दा तेथेही लागू पडतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले आणि तेही भारतीय संविधानानुसार हे प्रदेश भारतात समाविष्ट झाले त्या तारखांपासून. म्हणून गोव्याच्या मुक्तीचे वर्ष आपण १९७४ लिहीत नाही. हाच न्याय गिनी-बिसाऊला लावावयास हवा.

निष्कर्ष
ऱ्होडेशियाकडे सत्ता होती, पण जनता नव्हती. गिनी-बिसाऊच्या घोषणेमागे जनतेचा हक्क होता, पण सत्ता अपुरी होती. १९६० नंतरच्या कायद्याने दुसऱ्या पक्षाला कौल दिला. कोसोव्होविषयीच्या २०१० च्या सल्लागारी मतातही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले आहे की, स्वातंत्र्याची घोषणा करणे आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध नाही. ऱ्होडेशियासारख्या घोषणा अवैध ठरल्या त्या एकतर्फी होत्या म्हणून नव्हे, तर मूलभूत नियमांच्या गंभीर उल्लंघनाशी निगडित होत्या म्हणून. घोषणा कोणाच्या नावाने आणि कोणाला वगळून केली जाते, हा यातून पुढे येणारा खरा प्रश्न आहे. तो मागे नेला तर १७७६ ची घोषणाही अडचणीत येते. कारण तेव्हा त्या वसाहतींतील सुमारे एक पंचमांश लोक गुलामगिरीत होते. आजचा कायदा भूतकाळाला लावता येत नाही हे खरे. परंतु विद्यार्थ्यांपुढे तारखांचा तक्ता मांडताना ती तारीख कोणाच्या बाजूने बोलते, एवढे सांगणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे.