वाड्याचा पत्ता

डॉकर बसवलं की संगणकात गुपचूप एक पूल उभा राहतो. नाव 'डॉकर०', पत्ता बहुधा १७२.१७.०.१. मग येणाऱ्या प्रत्येक कंटेनरला त्याच आळीतला पुढचा नंबर. जुन्या वाड्यासारखंच की! पोस्टमनला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक, आतल्या बिऱ्हाडांचे नंबर आतल्या आत. बाहेर जाणाऱ्या पत्रावर वाड्याचाच पत्ता पडतो. या युक्तीला 'नॅट' म्हणतात.

हे आतले नंबर आले कुठून ते शोधताना मला एक जुना वाद सापडला.

आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच कळलं होतं. मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ ने तोडगा काढला: १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पत्ते कुणा एकाचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या घरात खुशाल वापरावेत. यातला १० मूळचा अर्पानेटचा. ते १९९० साली बंद झालं, जागा रिकामी झाली.

त्याच जुलैत चौघांनी आरएफसी १६२७ लिहून कडाडून विरोध केला. पत्ता जगात एकमेव असणं हा इंटरनेटचा पाया आहे. आज वेगळी असलेली दोन घरं उद्या जोडायची वेळ आली, तर दोन्हीकडे तेच नंबर निघतील! तरी फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने ही सोय कायम केली. गंमत म्हणजे त्या चौघांतले एलियट लिअर याचेही सहलेखक. तोटेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवलेत.

डॉकर आलं २०१३ मध्ये. एका ऑफिसात मी पाहिलंय: व्हीपीएनपलीकडचा सर्व्हर १७२.१७ मध्येच. डॉकर चालू असलं की तो गायब! संगणकाला वाटतं, हा तर आपल्याच वाड्यातला, बाहेर कशाला जा? शिव्या मात्र बिचाऱ्या व्हीपीएनला. उपाय दोन ओळींचा: 'डीमन.जेसन' फाइलमध्ये 'बिप'ला दुसरी आळी द्यायची आणि डॉकर पुन्हा सुरू करायचं.

ते चौघे हरले असं मला वाटत नाही. या सोयीमुळेच घराघरात इंटरनेट पोचलं, हे खरं. पण तिची किंमत त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. आपण ती अजून हप्त्याहप्त्याने फेडतोय, इतकंच.