अँबेसिडरचा निळा धूर

जुनी अँबेसिडर सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर सोडते आणि थोड्या वेळात साफ होते. लगेच सल्ला येतो, "बोअर गेलंय, इंजिन उतरवा." थांबा मंडळी, आधी थोडा इतिहास बघू.

सुरुवातीच्या अँबेसिडरचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह होतं. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे वरून तेल गळायचा प्रश्नच नव्हता. १९५९ मध्ये बीएमसीचं १४८९ सीसी 'बी-सिरीज' इंजिन आलं. ताकद वाढली, पण व्हॉल्व्ह गेले डोक्यावर, रॉकरच्या तेलाखाली! ते तेल अडवते व्हॉल्व्हच्या दांड्यावरची इवलीशी रबरी रिंग. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, रात्रभर तेल झिरपतं, सकाळी जळतं. पिस्टन रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर, लोड घेताना दिसला असता.

हेड न उतरवताही ही रिंग बदलता येते. प्लगच्या भोकातून सुती दोरी भरून पिस्टन वर आणायचा, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही. मात्र रॉकरचे काही नट हेडही धरतात, म्हणून आधी रेडिएटर रिकामा करायचा. जमल्यास रिंग व्हायटनची घ्या. ड्यूपाँटने ते १९५७ साली आणलं, उष्णता जास्त सोसतं.

असो. आधी कॉम्प्रेशन तपासा, मग इंजिनाला हात लावा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे!