अनवाणी पायांची शर्यत



मुठा गावात आम्ही बचत गटातल्या आठ-नऊ जणी पहाटे पळायला लागलो, त्या पहिल्याच दिवशी पारावरच्या एका आजोबांनी हाक मारली, "काय गं पोरींनो, म्हैस सुटली का कुणाची?" त्यांचंही चूक नाही. बाई पळतेय म्हणजे मागं काहीतरी कारण असणारच. वासरू सुटलं असेल, एसटी निघाली असेल, नाहीतर पावसाचा थेंब पडला आणि वाळवण अंगणात असेल. बाई नुसती पळण्यासाठी पळते, हे आपल्याकडं कुणी फारसं पाहिलेलंच नाही. म्हणून आज पळण्याचा इतिहास सांगायचं ठरवलं. त्याचं एक टोक आपल्या पुण्यातच आहे.

सन 1919. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खेळांचे सामने होते आणि अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरली होती शेतकऱ्यांची पोरं. पायात काही नाही, आधुनिक शिक्षण नाही. तरीही त्यांनी लावलेल्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींना वाटलं, ही मुलं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? दुसऱ्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा छोटासा संघ गेला. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन जवळजवळ पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. ती त्यांनी 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत होते, पण त्यांना ती पुरी करता आली नाही.

इथं मुळशीकरांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या टाटांनी शेतकऱ्यांच्या पोरांना परदेशी धावायला पाठवलं, त्यांच्याच कंपनीच्या धरणासाठी त्याच काळात आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या. 1921 साली सेनापती बापटांच्या बरोबरीनं मावळे सत्याग्रहाला बसले, ते याच धरणापायी. एकाच माणसाचे दोन हात. इतिहासात असं पुष्कळ सापडतं.

आता विचारा, त्या जिमखान्यावर बाया कुठं होत्या? धावपटूंत तर नव्हत्याच. पण हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी गहजब केला की बाईच्या जातीला हे झेपत नाही. ती शर्यत बंद झाली, ती थेट 1960 पर्यंत. पुरुष दमून पडला तर तो शूर, आणि बाई पडली तर नाजूक! 1967 साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. तरी ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली होती.

मग आपल्या मुली पुढं आल्या. नाशिककडच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतनं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटरच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली.

आणि बारामतीच्या लता भगवान करे. वय साठीच्या पुढं, अंगात नऊवारी, पाय अनवाणी. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून त्या ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढं त्यांच्याच नावाचा सिनेमा निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं.

लताबाईंचं कौतुक आम्हालाही आहे. पण जिथं तिथं त्यांच्या अनवाणी पायांचेच गोडवे ऐकू येतात, तेव्हा आम्ही गप्प होतो. जिमखान्यावरच्या पोरांचंही तेच. अनवाणी धावणं ही हौस नव्हती. हातात पैसे असते तर त्यांनी बूट घेतले नसते का?

आमच्या गटातल्या एका वहिनींनी सुरुवातीला पोराचे शाळेचे बूट घातले. दोन आठवड्यांत अंगठ्याचं नख काळं पडलं आणि गुडघा धरला. मग आम्ही बूट कसे पारखायचे ते शिकून घेतलं. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभराच्या कामानं पाय थोडा फुगलेला असतो. पळताना घालायचे तेच मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा राहू द्या. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचं पाऊल वाढतं, तेव्हा लग्नातलं माप सांगू नका, नव्यानं मोजा. टाच घट्ट बसली पाहिजे, चालताना बुटातून वर निघता कामा नये. बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा. पाऊल आत कलत असेल तर आतल्या बाजूनं आधार असलेला बूट बरा पडतो. आणि दुकानातच चार पावलं पळून बघा. लोक बघतील, बघू द्यात. महागाचा म्हणजे चांगला, असंही नाही.

पैशाचा प्रश्न मात्र खरा होता. गटाच्या बैठकीत शेळीला कर्ज मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, मुलांच्या फीला मिळतं. बुटांना द्यायचं का? दोन तास वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "बुटानं काय दूध मिळणार?" तर दुसऱ्या म्हणाल्या, "गुडघा गेला तर शेळीमागं कोण पळणार?" शेवटी पाच जणींना कर्ज मंजूर झालं, सहा हप्त्यांत फेडायचं. वहीत कारण काय लिहायचं यावर पुन्हा घोळ झाला. सचिवबाईंनी 'आरोग्य' लिहिलं होतं, ते खोडून 'पळण्यासाठी बूट' असं लिहायला लावलं.

मागं आम्ही एका शर्यतीला गेलो होतो. तिथं बायकांसाठीही पुरुषांच्याच मापाचे टी-शर्ट होते, गुडघ्यापर्यंत आलेले. नऊवारीवर ते घालून एक मावशी पाच किलोमीटर पळाल्या.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही मारुतीच्या देवळापासून टेमघरच्या रस्त्यानं निघणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी पाणी घेऊन यावं. बूट नसतील तर त्या दिवशी चालायला या, मापाचं नंतर बघू.