विली ओ'री : एका डोळ्यावर खेळलेली कारकीर्द

विली ओ'री (जन्म १५ ऑक्टोबर १९३५, फ्रेडरिक्टन, कॅनडा) हे नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलमध्ये खेळलेले पहिले कृष्णवर्णीय आइस हॉकीपटू. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि चेंडू डोळ्यांसमोर येतो. कॅनडातली हॉकी बर्फावर, स्केट्स घालून, 'पक' नावाच्या टणक रबरी चकतीने खेळतात. ही चकतीच ओ'रींच्या आयुष्यात आडवी आली.

तेरा भावंडांत ते शेंडेफळ. १९५५-५६च्या हंगामात ज्युनिअर संघाकडून खेळताना पक थेट उजव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची जवळपास सगळी दृष्टी गेली. आता खेळ विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही आठवड्यांतच ओ'री पुन्हा बर्फावर उतरले. एका डोळ्याने अधू खेळाडूला एनएचएलच्या नियमानुसार खेळताच येत नसे, त्यामुळे त्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली.

ही लपवाछपवी सोपी नव्हती. ते डाव्या बगलेचे आघाडीपटू. डाव्या कडेने पळणाऱ्याकडे पास येतो उजवीकडून, अंगावर येणारा बचावपटूही उजवीकडूनच, आणि नेमकी तीच बाजू त्यांना दिसत नव्हती. पक शोधायला त्यांना उजव्या खांद्यावरून पूर्ण मान वळवावी लागे.

१८ जानेवारी १९५८ रोजी माँट्रियलमध्ये माँट्रियल कॅनेडियन्सविरुद्ध ते बोस्टन ब्रुइन्सकडून उतरले. बोस्टनने ३-० असा विजय मिळवला. त्या रात्री या पदार्पणाचा फारसा गाजावाजा झाला नाही. तेव्हा दोनच सामने मिळाले, मग १९६०-६१मध्ये ४३. पहिला गोल १ जानेवारी १९६१ रोजी, पुन्हा माँट्रियलविरुद्धच. प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या यायच्या. शिकागोत तर प्रतिस्पर्ध्याने स्टिकचा दांडा तोंडावर हाणला, पुढचे दात पडले. त्या हंगामानंतर बोस्टनने त्यांना सोडलं. एनएचएलमधला हिशोब एवढाच : ४५ सामने, ४ गोल, १० असिस्ट.

बहुतेक ठिकाणी त्यांची गोष्ट इथेच संपवतात, आणि तिथेच गल्लत होते. त्या काळी एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. बाकीचे चांगले खेळाडू दुय्यम लीगमध्ये पोट भरायचे, आणि ओ'रींची खरी कारकीर्द तिथेच बहरली. वेस्टर्न हॉकी लीगमधल्या लॉस एंजेलिस ब्लेड्सच्या प्रशिक्षकाने त्यांना डाव्या बगलेवरून उजव्या बगलेवर आणलं. आता पास डावीकडून, म्हणजे चांगल्या डोळ्यासमोर येऊ लागला. ते डावखुरे असल्याने पक स्टिकच्या उलट्या बाजूने घ्यावा लागे, पण सारखी मान वळवायची कटकट गेली. १९६४-६५मध्ये त्यांनी ३८ गोल केले. लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान त्यांनी दोनदा मिळवला. जागा बदलण्याचा हा साधा उपाय आधीच झाला असता तर? पण डोळ्याचं कोणाला सांगितलंच नव्हतं, तर सुचवणार कोण!

१९६७पासून ते सॅन डिएगो गल्सकडून खेळले आणि त्याच शहरात स्थायिक झाले. १९७९मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती घेतली. एनएचएलला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू मिळायला मात्र १९७४ उजाडलं : वॉशिंग्टन कॅपिटल्सचे माइक मार्सन.

१९९८पासून ओ'री एनएचएलच्या वतीने ठिकठिकाणी मुलांना हा खेळ शिकवण्याच्या उपक्रमात आहेत. २०१८मध्ये ते हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेले, खेळाडू म्हणून नव्हे तर 'बिल्डर' या गटात. १८ जानेवारी २०२२ रोजी, पदार्पणाला बरोबर ६४ वर्षं झाली त्या दिवशी, बोस्टनने त्यांचा २२ क्रमांक कायमचा राखून ठेवला. कोरोनामुळे ओ'रींनी तो सोहळा सॅन डिएगोमधून पडद्यावर पाहिला.