सकाळ घड्याळाची, संध्याकाळ सूर्याची
ब्लॅक फॉरेस्टच्या लाकडी कुकू घड्याळाला आज ओळखीचा झालेला घराचा आकार मिळाला तो रेल्वेच्या चौकीदाराच्या घरावरून. फ्रीडरिश आयझेनलोर या वास्तुकाराने 1850 साली तो नमुना काढला. आत दोन चिमुकले भाते असतात, ते दोन शिट्ट्यांत हवा फुंकतात आणि पक्षी ‘कुकू’ करतो. मुंबईच्या गिरणगावाचे, म्हणजे परळ-लालबागचे घड्याळ होते गिरणीचा भोंगा; तोही असाच फुंकरीवर बोलायचा, फक्त तिथे भात्याच्या जागी बॉयलर होता. कुकू चुकला तर कुणाचे बिघडत नसे. भोंगा चुकला की खाडा.

म्हणून गिरणगावाचे घड्याळाशी वैर होते, असे सरसकट धरले जाते. दाखला जानेवारी 1906 चा. स्टँडर्ड टाइम आला, काटे 39 मिनिटे पुढे गेले आणि गिरण्यांवर दगड पडले. अडाण्यांना वेळ कळेना, हा त्याचा सोपा अर्थ. पण 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास टाइम लादला तेव्हा शिकलेली, पैसेवाली मुंबईच अडून बसली होती आणि 1883 मध्ये सरकारने माघार घेतली. त्यांना कुणी अडाणी म्हटले नाही.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला सभा घेऊन जे मागणीपत्र तयार केले, ते या दृष्टीने वाचावे. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सकाळ घड्याळाने बांधलेली, संध्याकाळ सूर्याने! ही गफलत नव्हे. मालकाला चावी देता येत नाही असे एकच घड्याळ होते, ते सूर्याचे. 1905 च्या सुमारास विजेच्या दिव्यांनी तेही निकामी केले. पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. संध्याकाळ हातची गेलीच होती, त्यात ही 39 मिनिटे सकाळची.

सकाळी गेलेली मिनिटे संध्याकाळी परत मिळतातच, असा हिशेब कुणी मांडील. तो कागदावर बरोबर आहे. पण जानेवारीत मुंबईचा सूर्य आजच्या घड्याळात सव्वासातच्या आसपास उगवतो. जुन्या मुंबई टाइमने तेव्हा साडेसहाच होत असत. नव्या साडेसहाला चाळीतून निघायचे म्हणजे अंधारात. तासांची मोजणी कामगारांना नको होती असे नाही. पण ती त्यांच्या बाजूने आली उशिरा: गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला कायद्याने पहिली मर्यादा घातली ती 1911 मध्ये, बारा तासांची.