आंतरराष्ट्रीय प्रसारण आणि अपप्रचाराचे दायित्व

वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे ऑगस्ट १९४२ मध्ये जनउठाव झाले. उठाव दडपताना चिमूरमध्ये झालेल्या अत्याचारांच्या बातम्या छापायला वृत्तपत्रांना बंदी होती. या बातम्या लोकांपर्यंत नेल्या मुंबईतून चोरून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओने. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला. तो चालवणाऱ्या उषा मेहता यांना चार वर्षांचा कारावास झाला.

गंमत अशी, की प्रक्षेपणातील खोटेपणा रोखणारा करार तेव्हा अस्तित्वात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थान त्यात सामील होता. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने २३ सप्टेंबर १९३६ रोजी जिनिव्हात झालेला हा करार १९३८ मध्ये अमलात आला. परक्या प्रदेशातील जनतेला चिथावणारे प्रक्षेपण थांबवावे, असत्य विधान निघाल्यास ते दुरुस्त करावे, अशी त्याची कलमे. पण जर्मनी, इटली, जपान बाहेरच राहिले. शिवाय सरकारने स्वतःच्याच प्रजेपासून बातमी दडवली, तर त्यावर करारात उपाय नव्हता.

व्यक्तीला जबाबदार धरण्याची वाट युद्धानंतर खुली झाली, तीही अडखळत. न्यूरेंबर्गमध्ये नाझी नभोवाणीचा प्रमुख हान्स फ्रित्शे १९४६ मध्ये निर्दोष सुटला. रवांडातील वंशसंहाराला चिथावणाऱ्या रेडिओचा सहसंस्थापक फर्डिनांड नाहिमाना याला मात्र आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये जन्मठेप दिली. अपिलात ती ३० वर्षांवर आली.

दोषी ठरली ती चिथावणी. निव्वळ खोटी बातमी आंतरराष्ट्रीय कायद्यात अजून स्वतंत्र गुन्हा नाही.