दुपंखी विमानाचं कूळ पतंगाचं

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत दाराशेजारच्या भिंतीवर आकाशातून उतरणारा इंद्र रंगवलेला आहे. काळ पाचव्या शतकाचा, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या राजवटीचा. या इंद्राला पंख नाहीत. वेग जाणवतो तो दागिन्यांतून, कारण गळ्यातले हार सरळ खाली न लोंबता मागे उडालेले आहेत. वाहत्या हवेत दोरीचं काय होतं हे त्या चित्रकाराने नीट पाहिलं होतं, यात शंका नाही. मात्र अशी चित्रं आणि पुराणातली विमानं हाताशी धरून विमानाची जी वंशावळ हौसेने मांडली जाते, ती तपासून घ्यायला हवी. तिचा शेवटचा दुवा म्हणजे शिवकर बापूजी तळपदे आणि 1895 साली त्यांनी मुंबईत गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा. तळपदे खरे, त्यांची धडपडही खरी. पण त्या उड्डाणाची मोजमापं, आराखडा किंवा त्याच वेळी केलेली भरवशाची नोंद पुढे आलेली नाही. या कथेशी जोडलं जाणारं ‘वैमानिक शास्त्र’ हे पुस्तक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासलं. हा मजकूर 1904 च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली यानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कूळ सांगायचं तर एका हातातून दुसऱ्या हातात काहीतरी गेलेलं दाखवावं लागतं. चित्रातून कल्पना पोचते, पंखाची जाडी पोचत नाही.

दुपंखी विमानाच्या बाबतीत असं हस्तांतर दाखवता येतं, आणि त्याची सुरुवात पतंगापासून होते. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हार्ग्रेव्ह यांनी 1893 मध्ये पेटीच्या आकाराचा पतंग केला. एकावर एक दोन पृष्ठभाग ठेवले की हलक्या काड्यांचा सांगाडाही ताठ राहतो, हे त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी असे चार पतंग एका दोरीला लावून हार्ग्रेव्ह स्वतः सुमारे 16 फूट वर गेले. मग ऑक्टेव्ह शनूट आले, पेशाने रेल्वेपूल बांधणारे इंजिनीअर. त्यांनी 1896 च्या ग्लायडरमध्ये दोन पंखांमध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा घातल्या. ही रचना त्यांनी पुलाच्या कैचीवरून उचलली होती. खांब दाब सोसतात, तारा ताण सोसतात, आणि दोन लवचिक फळ्यांची मिळून एक खोल, ताठ तुळई होते. राइट बंधूंनी हीच रचना घेतली. पण माणूस बसवण्याआधी 1899 मध्ये त्यांनी पाच फुटी दुपंखी पतंग केला. दोन काठ्यांना बांधलेल्या चार दोऱ्या जमिनीवरून ओढल्या की पंख पिळले जात आणि पतंग हव्या त्या बाजूला कलत असे. म्हणून माझं म्हणणं असं आहे की जमिनीवरून चालवायचं छोटं दुपंखी विमान ही मोठ्या विमानाची नक्कल नाही. वयाने तेच मोठं आहे.

पतंगाला ना इंजिन ना रेडिओ, मग त्याला मॉडेल कसं म्हणायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या दोन्ही गोष्टी बाहेरून येऊन जोडल्या गेल्या. अल्फोन्स पेनो यांनी 1871 मध्ये पॅरिसमध्ये पिळलेल्या रबरावर छोटं विमान उडवलं होतं, आणि टेस्लांनी 1898 मध्ये न्यूयॉर्कला रेडिओने बोट चालवून दाखवली होती. वीज मात्र फार उशिरा आली, कारण बॅटरी जड. ब्रिटनमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 30 जून 1957 रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे विजेवरचं मॉडेल विमान उडवलं, तेव्हा त्यांना महागडी चांदी-जस्ताची बॅटरी वापरावी लागली. खरा बदल 2000 च्या आसपास झाला. हौशी मंडळींनी भंगारातल्या सीडी ड्राइव्हची मोटर उघडली, जाड तारेने पुन्हा गुंडाळली, आत ताकदवान निओडिमियम चुंबकं बसवली. त्यातून आजची स्वस्त ब्रशलेस मोटर रुळली. जोडीला हलकी लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. विमानविद्येच्या इतिहासात भंगाराला याहून मानाचं पान क्वचितच मिळालं असेल.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 1930 च्या दशकात धातूच्या एकपंखी विमानांनी दुपंखी मागे टाकली, मग आज ती बनवायची कशाला? निव्वळ जुन्याची हौस? हौस आहेच, पण तेवढीच नाही. आकार निम्मा केला की पंखाचं क्षेत्र चौथाईवर येतं आणि वजन साधारण आठव्या हिश्श्यावर. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार कमी होतो आणि विमान सावकाश उडतं. त्यात दोन पंख असले तर थोड्या रुंदीत भरपूर क्षेत्र मिळतं, म्हणजे शाळेचं मैदानही पुरतं. किंमत मोजावी लागतेच. वरच्या पंखाखालचा दाब आणि खालच्या पंखावरची पोकळी एकमेकांना मारक ठरतात. म्हणून दोन पंखांत निदान एका पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या मापाएवढं अंतर ठेवतात, शक्यतो वरचा पंख थोडा पुढे घेतात, आणि बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधतात.

अशी छोटी विमानं बनवणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि पंखांमधले दोरे केवळ शोभेसाठी लावतात. मला ते पटत नाही. फोमबोर्डच्या पंखाला बारीक, न ताणणारा दोरा तिरपा बांधला तर शनूटची कैची पुन्हा खरं काम करू लागते आणि फोम पातळ वापरता येतो. अडचण एवढीच की एक दोरा जास्त ताणला तर पंख पिळतो आणि विमान सतत एका अंगावर जातं. राइट बंधू पतंगावर जे मुद्दाम करत होते, ते इथे चुकून होतं. म्हणून दोरे बांधल्यावर विमान मागून पाहावं, दोन्ही बाजूंच्या पंखांचे कोन जुळवावेत, आणि मोटर बंद ठेवून आधी गवतावर हाताने सोडून बघावं.